तुम्ही विचारलंत म्हणून : आयेशा म्हणजे काय?

नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "आयेशा म्हणजे काय हो?" त्याला जोडूनच दुसरा येतो, "आयशा की आयेशा?" आणि ज्यांच्या घरी बाळ यायचं असतं ते आणखी एक विचारतात, "मुलीला ठेवावं का हे नाव? की फारच कॉमन झालंय?" तोंडी उत्तर मी दोन वाक्यांत उरकते, कारण विचारणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. पण त्या दोन वाक्यांत नेमकी महत्त्वाची गोष्ट राहून जाते, म्हणून इथे जरा ऐसपैस.

अर्थ आधी सांगून टाकते, कारण तो भाग छोटा आहे. आयेशा म्हणजे जगणारी. अरबीत 'आश' म्हणजे तो जगला, 'ऐश' म्हणजे जगणं, आणि त्याच धातूचं 'करणारी' अशा अर्थाचं रूप म्हणजे 'आइशा'. खालिद, नासिर, सालिम ही नावंही याच साच्यातली: टिकणारा, मदत करणारा, सुखरूप राहणारा. नावांच्या याद्यांत आयेशासमोर 'समृद्ध', 'राजकन्या', 'सुंदर' असं काहीही छापलेलं दिसतं. 'चांगलं जगणारी' इथवर अर्थ ताणता येतो, पण त्यापुढचं सगळं यादी करणाऱ्याच्या मनातलं.

"म्हणजे ऐश करणारी?" हा विनोद मी शाळेपासून ऐकते आहे, आणि गंमत अशी की तो अगदीच चुकीचा नाही. मराठीतली 'ऐश' आणि 'ऐषआराम' त्याच धातूतून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. वाटेत त्यांना चैनीचा रंग चढला. मूळ अरबीत ऐश साधी आहे, पोटापाण्याची आहे. कैरोच्या बोलीत 'ऐश' म्हणजे चक्क रोटी. 2011 साली सरकारविरोधी उठावात तिथल्याच तहरीर चौकात जी घोषणा घुमत होती, 'ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया', तिचा अर्थ रोटी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. कुवेत-बहरीनकडे जा, तिथे तोच शब्द भातासाठी. पैगंबरांच्या सोबत्यांपैकी एकाचं नाव अय्याश इब्न अबी रबीआ होतं, चांगलं दीर्घायुष्याचं नाव. आपल्याकडे 'अय्याश' कुणाला म्हणतात हे कळलं असतं तर बिचाऱ्याने काय केलं असतं कुणास ठाऊक.

असं नाव मुळात का ठेवत असतील? दहाव्या शतकात इब्न दुरैद नावाच्या विद्वानाने अरबी नावांच्या व्युत्पत्तीवर अख्खा ग्रंथ लिहिला. अरबांची नावं ओबडधोबड आहेत असं हिणवणाऱ्यांना उत्तर म्हणून. त्याचं म्हणणं असं, की काही नावं शत्रूला धाक बसावा म्हणून ठेवली जात (सिंह, लांडगा, काटेरी झुडूप, दगड), तर काही मुलाचं भलं व्हावं या आशेने. आयेशा मला या दुसऱ्या गटातलं वाटतं. निम्मी मुलं पाळण्यातच जात असतील त्या काळात मुलीला 'जगणारी' म्हणून हाक मारायची, ही एक विनवणीच झाली.

आता आयशा की आयेशा. हा वाद आपला नाही, फार जुना आहे. नवव्या शतकात इब्न अस-सिक्कीत या भाषापंडिताने लोकांची बोली सुधारायला लिहिलेल्या पुस्तकात बजावलं होतं की 'आइशा' म्हणा, 'ऐशा' म्हणू नका. म्हणजे तेव्हाही लोक सर्रास 'ऐशा' म्हणत असणार, नाहीतर बजावायची गरज काय? आजही म्हणतात. शुद्ध अरबी उच्चारात सुरुवातीला घशातून येणारा 'ऐन', मग दीर्घ आ, मग किंचित थांबून ऱ्हस्व इ, आणि शेवटी शा. तो ऐन मराठीत नाही, उर्दूतही नुसता लिहिण्यापुरता उरलाय. मधलं थांबणंही बोलण्यात टिकत नाही. तेव्हा आयशा, आयेशा, आइशा, आएशा, सगळी रूपं सारखीच बरोबर किंवा सारखीच अपुरी आहेत.

खरी मजा दूरच्या रूपांत आहे. तुर्कीत ते 'आयशे' झालं. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणाऱ्यांनी त्याचं 'आशा' केलं, तेव्हा झांजिबारमध्ये आशा भेटली तर तिच्या नावात आपली संस्कृत आशा शोधू नये. पश्चिम आफ्रिकेत हौसा लोकांकडे 'आइशातू', सेनेगल-गिनीत 'आइसातू'. हे शेवटचं 'तू' मला फार आवडतं. अरबी व्याकरणात स्त्रीलिंगी नामाच्या शेवटी लपलेला 'त' आणि त्यावरचा प्रथमा विभक्तीचा 'उ' बोलताना गळून पडतो. खुद्द अरबांच्या तोंडून तो केव्हाच गेला. पण ज्यांनी ही भाषा कुराण आणि ग्रंथांतून घेतली त्यांनी तो जपला, आणि आज एखाद्या गिनीच्या खेड्यातली आई अंगणातून मुलीला हाक मारते ती शास्त्रीय अरबीची विभक्ती लावून. चेचन्या आणि दागेस्तानातली 'आइशत' त्याच 'त'ची.

तुर्की आयशेचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1974 च्या ऑगस्टमध्ये सायप्रसच्या प्रश्नावर जिनिव्हात वाटाघाटी चालल्या होत्या. तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री तुरान ग्युनेश तिथे होते. बोलणी फिसकटली तर पंतप्रधान एजेवित यांना फोनवर काय सांगायचं हे आधी ठरलं होतं: 'आयशे सुट्टीवर जाऊ दे.' आयशे ही ग्युनेश यांची मुलगी. बोलणी फिसकटली, निरोप गेला आणि 14 ऑगस्टला तुर्की सैन्याची दुसरी मोहीम सुरू झाली. तुर्कस्तानात हे वाक्य अजून सगळ्यांना पाठ आहे. परक्याने ऐकलं तरी कान टवकारू नयेत, इतकं घरगुती नाव म्हणून ते खपून गेलं असावं. तिथल्या बायकांच्या सर्वाधिक आढळणाऱ्या नावांत फातमाच्या जोडीने आयशे असते. एका जातीच्या घेवड्यालासुद्धा 'आयशे कादन', म्हणजे आयशेबाई, म्हणतात.

आता महत्त्वाचं. हे नाव अर्थामुळे पसरलेलं नाही. 'जगणारी' या अर्थाची दुसरी नावं अरबीत निघाली असती, निघालीही असतील, पण ती मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत गेली नाहीत. हे गेलं ते एका बाईमुळे.

हजरत आयेशा या पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या, पैगंबरांच्या पत्नी. पैगंबर त्यांना लाडाने नाव तोडून 'आइश' म्हणत, हे हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींतच, आहे. त्यांना मूल झालं नाही. अरबांत आई-बाप मुलाच्या नावाने ओळखले जातात, म्हणून त्यांनी बहिणीच्या मुलावरून 'उम्म अब्दुल्ला' हे नाव घेतलं. पैगंबरांच्या निधनानंतर त्या मदिनेत पंचेचाळीसएक वर्षं राहिल्या, इ.स. 678 मध्ये वारल्या, आणि या काळात लोक त्यांच्याकडे शंका घेऊन येत राहिले. त्यांच्या नावावर 2210 हदीस मोजतात.

पण आकड्यापेक्षा मला त्यांचा स्वभाव जास्त दिसतो तो त्यांनी खोडून काढलेल्या गोष्टींत. कुणीतरी सांगितलं की नमाज पढणाऱ्यासमोरून कुत्रा, गाढव किंवा बाई गेली तर नमाज मोडतो. त्या कडाडल्या, तुम्ही आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या रांगेत नेऊन बसवलंत! आणि मग स्वतःचा अनुभव पुढे ठेवला: मी समोर आडवी झोपलेली असताना पैगंबर नमाज पढत असत. मोठमोठ्या सोबत्यांच्या कथनांत त्यांनी काढलेल्या अशा दुरुस्त्या इतक्या भरल्या की चौदाव्या शतकात जरकशी नावाच्या पंडिताने त्यांचं स्वतंत्र पुस्तक केलं. मुलीला हे नाव ठेवताना हा वारसाही सोबत येतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तर काहीजण दोनदा विचार करतील, असं मला कधीकधी वाटतं.

आणि त्यांच्यामुळेच काही घरांत हे नाव ठेवलं जात नाही. इ.स. 656 मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांची हत्या झाली. त्याचा जाब मागत हजरत आयेशा तल्हा आणि जुबैर या पैगंबरांच्या सोबत्यांसह बसऱ्याला गेल्या, आणि तिथे नवे खलिफा, पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्या सैन्याशी लढाई झाली. त्या उंटावरच्या हौद्यात होत्या आणि लढाई त्या उंटाभोवतीच पेटली, म्हणून तिला 'उंटाची लढाई' म्हणतात. अली जिंकले. त्यांनी आयेशांना मानाने मदिनेला परत पाठवलं, पण अलींना मानणाऱ्या शिया समाजाच्या स्मरणात ती लढाई राहिली. म्हणून इराणमध्ये फातिमा आणि झहरा घरोघर, आणि आयेशा मुख्यतः सुन्नी बलुच, तुर्कमेन, कुर्दांकडे. इराक-लेबनॉनमध्ये नाव ऐकलं की पंथ कळतो. साडेतेराशे वर्षांपूर्वीची लढाई आजही मुलीच्या नावाच्या वेळी घरात येऊन बसते, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

मोरोक्कोत याच नावाने एक भूतही आहे: आयशा कंदिशा. देखणी बाई, पाय मात्र उंटाचे किंवा बकरीचे, नदी-ओढ्याच्या काठी पुरुषांना भुलवते. तिचं नाव घ्यायलाही लोक कचरतात. त्याच देशात 1947 साली टँजियरमध्ये सुलतानांची सतरा वर्षांचीही नसलेली मुलगी, लल्ला आयशा, बुरख्याविना व्यासपीठावर उभी राहून जाहीर भाषण करून गेली. पुढे ती राजदूत म्हणून लंडनला गेली. एकाच मुलखात दोन्ही आयशा, आणि घाबरवलं दोघींनीही, असं माझं मत.

ज्यांचा इस्लामशी संबंध नाही अशांकडे हे नाव कसं पोचलं, याचीही वाट विचित्र आहे. 1887 साली रायडर हॅगार्ड या इंग्रज लेखकाची 'शी' ही कादंबरी पुस्तकरूपात आली. तिची नायिका दोन हजार वर्षं जगलेली राणी, नाव आयेशा. अर्थाला जागणारी अशी दुसरी आयेशा माझ्या पाहण्यात नाही! बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे, कूचबिहारच्या महाराणी, 1919 मध्ये लंडनमध्ये बाळंतपणाच्या सुमारास तीच कादंबरी वाचत होत्या. मुलगी झाली आणि तिला आयेशा म्हणू लागल्या. जगाने तिला पुढे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी म्हणून ओळखलं, पण जवळच्यांसाठी ती शेवटपर्यंत आयेशाच. "तुमच्यातच असतं ना हे नाव?" असं कुणी विचारलं की मी हे उदाहरण देते.

अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत कृष्णवर्णीय कुटुंबांनी गुलामगिरीच्या काळातली नावं टाकून अरबी आणि आफ्रिकी नावं उचलली. कॅशियस क्ले मुहम्मद अली झाला तो 1964 मध्ये. त्याच लाटेत आयेशा आली. गायक स्टीव्ही वंडरने आपल्या मुलीचं नाव आयेशा ठेवलं आणि 1976 साली तिच्या जन्मावर गाणं केलं, त्यात नावाचा अर्थही सांगून टाकला. वीस वर्षांनी अल्जीरियाचा गायक खालेद याचं 'आयशा' हे गाणं फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते लिहिणारा जाँ-जाक गोल्डमान ज्यू घरातला. माझं नाव ऐकून आजही कुणीतरी त्याचं धृपद गुणगुणतंच. मी हसते, दुसरं काय करणार.

माझ्यापुरतं सांगायचं तर अर्थाचा विचार कुणी केलाच नव्हता. नानीची धाकटी बहीण आयेशाबी होती, तिचं नाव मला मिळालं. तिला ते कुणावरून मिळालं असेल हे वर आलंच.

तेव्हा, ठेवावं का? कॉमन नको असेल तर ठेवू नका, कारण वर्गात दुसरी आयेशा असण्याची शक्यता बरीच आहे. तुर्कस्तानात मात्र नव्या बाळांच्या यादीत झैनेपसारखी नावं पुढे गेली आहेत आणि आयशे हे आता बरंचसं आज्यांचं नाव वाटू लागलंय. ठेवणार असाल तर एकच सूचना, अनुभवाने आलेली. आयशा, आयेशा, आइशा यांतलं कुठलंही रूप घ्या, पण जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच शाळेत, बँकेत आणि पासपोर्टवर लिहा. इंग्रजी स्पेलिंगही त्याच दिवशी ठरवून टाका. माझ्या कागदांवर माझी तीन रूपं आहेत आणि त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करायला मला दर वेळी प्रतिज्ञापत्र लागतं.