बुकमार्कांची साफसफाई, नोंद सातवी: ‘महत्त्वाचे’ हा टॅग काढला

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे जुन्या लिंका तपासायला घेतल्या. सगळ्यात जुन्या ४०० पाहून झाल्या, त्यातल्या ६३ मेलेल्या निघाल्या. ४१ वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, सापडल्या. उरलेल्यांपैकी ज्यांच्याखाली मी दोन ओळी खरडून ठेवल्या होत्या त्यांचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण मुद्दा हाताशी होता आणि तेवढ्यावर दुसरा स्रोत शोधता आला. नुसत्या शीर्षकाच्या लिंका मात्र कशासाठी जपल्या होत्या हेच आठवेना.

मग टॅगांकडे, म्हणजे लिंकांना चिकटवलेल्या खुणेच्या शब्दांकडे, वळले, आणि आठवडा तिथेच गेला.

जोशुआ शॅक्टरने २००३ मध्ये डिलिशस ही बुकमार्क जपण्याची आणि वाटण्याची साइट सुरू केली तेव्हापासून टॅगची गंमत हीच, की वर्गवारी वरून कुणी लादत नाही. थॉमस वँडर वालने २००४ मध्ये याला ‘फोकसॉनॉमी’, म्हणजे लोकांनीच केलेली वर्गवारी, म्हटलं. आपल्याकडे या मोकळेपणात शुद्धलेखन आडवं येतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या डीगो (अशीच एक बुकमार्क वाटून घेण्याची साइट) गटात ‘महत्त्वाचे’, ‘महत्वाचे’ आणि ‘महत्त्वाचं’ असे तीन टॅग सुखाने नांदत होते. तिन्ही एकत्र केले, तर निम्म्याहून जास्त लिंका महत्त्वाच्या! तो टॅग सरळ उडवला.

खरा घोळ ‘दुसऱ्यांदा-वाचणे’मध्ये होता. यादीत हा टॅग दोनदा दिसायचा, अक्षर न् अक्षर सारखा. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडलं: एका कीबोर्डने अर्धा र ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहिला होता, दुसऱ्याने साध्या ‘र’नंतर हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, टाकून. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी संगणकीय रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, हे दोन प्रकार एक होत नाहीत, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. मी सगळे बुकमार्क नेटस्केप पद्धतीच्या (बुकमार्क एकीकडून दुसरीकडे न्यायच्या जुन्या, रुळलेल्या) एचटीएमएल फाइलमध्ये काढले, टेक्स्ट एडिटरमध्ये शोधा-बदला चालवलं आणि फाइल परत चढवली. आधी प्रत ठेवा. मी ठेवली नव्हती, नशीब बरं म्हणून निभावलं.

ही फाइल दर महिन्याला काढतेच, कारण अशा साइट कधी बंद पडतील याचा नेम नाही. डिलिशस २००५ मध्ये याहूकडे गेलं, हात बदलत २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क साइटकडे आलं आणि तिथे नवीन काही जोडणं बंद झालं. संशोधकांसाठीचं कनोटिया २०१३ मध्ये बंद पडलं, साइटयूलाइक २०१९ मध्ये. साइटयूलाइकची हळहळ अजून आहे. आपण ठेवलेला शोधनिबंध आणखी कुणी ठेवलाय ते तिथे दिसायचं, आणि त्या अनोळखी माणसाच्या संग्रहात शिरलं की शोधयंत्राला कधीच न सुचलेलं काहीतरी हाती लागायचं. आता झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या सॉफ्टवेअरचे गट वापरते. संदर्भसूची झकास होते, पण शेजारच्याच्या कपाटात डोकावण्याची ती मजा नाही.

वर्गात एक बदल केलाय. लिंक टाकताना टॅगाआधी एक वाक्य लिहायचं: हे पान कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं? पहिल्या आठवड्यात लिंकांची संख्या धाडकन उतरली, मी जरा घाबरलेच. पण मग मुलं एकमेकांच्या वाक्यांवर वाद घालू लागली. ‘हे उत्तर नाहीच, हा तर लेखकाचा अंदाज आहे,’ असं एकीने लिहिलं आणि त्याच पानावर हायपोथेसिसने (वेबपानावर टिपा लिहायचं साधन) त्या परिच्छेदावर खूणही केली. वर्षभर मी स्रोत पारखायला शिकवते म्हणत होते, ते असं एका टिपेत आलं.

टॅगच्या आरएसएस फीडचं, म्हणजे त्या टॅगखाली नवीन काही आलं की आपोआप कळवणाऱ्या यादीचं, काम तसंच पडून आहे. पुढची ४०० घ्यायच्या आधी टिपा नसलेल्या लिंका वेगळ्या काढतेय. आत्तापर्यंत २१२ निघाल्यात.