पुढील अंकी

श्रावणात चुकून कडक ऊन पडलं, म्हणून परवा दुपारी जुनी पुस्तकं बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, पसरली. एका गठ्ठ्यातून ‘व्हर्टेक्स’ या इंग्रजी विज्ञानकथा मासिकाचा १९७५चा अंक निघाला, वर्तमानपत्री कागदावरचा. १९७३ साली हेच व्हर्टेक्स गुळगुळीत पानं मिरवत आलं होतं. दोन-अडीच वर्षांत कागद उतरला आणि मग कारभारच आटोपला.

असले अंक आमच्याकडे यायचे बोटीवरून. वास्कोला शेजारी एक तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, राहायचा, आम्ही पोरं त्याला तियू, म्हणजे काका, म्हणायचो. रजेवर आला की पेटीतून साबण, चॉकलेटं निघायची आणि तळाशी मासिकं. त्यातलं ‘सायन्स फिक्शन मंथली’ चांगलं वर्तमानपत्राएवढं रुंद, पानभर रंगीत चित्रं भिंतीला लावण्यासाठीच. इंग्रजी कोणाला कळत होतं! तियूच्या बायकोने आल्ताराजवळ, म्हणजे घरातल्या देवाजवळ, अंतराळयान लावू दिलं नाही, म्हणून ते आमच्याकडे आलं. आईने त्या चित्राने ओल आलेली भिंत झाकली. पावसाळा संपेपर्यंत यानाभोवती हिरवे-काळे ग्रह उगवायचे. आई फडक्याने पुसायची, ते पुन्हा उगवायचे. पुढच्या रजेत नवा अंक मागितला तर तियू म्हणाला, “तें बंद पडलां मरे.” १९७४ ते ७६, अठ्ठावीस अंक.

हे आयुष्य तसं दीर्घच म्हणायचं. १९७७चं ‘कॉसमॉस’ चार अंकांत संपलं. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोवांचं नाव लावून आलेलं साहसकथांचं मासिकही चारच अंक टिकलं. त्याआधी ‘अननोन’ १९४३ साली युद्धातल्या कागदटंचाईत गेलं. कलकत्त्यात अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली ‘आश्चर्य’ हे बंगाली विज्ञानकथा मासिक काढलं, तेही थांबलं. मराठीत विज्ञानकथा बहुतेक दिवाळी अंकांत पोटभाडेकरूसारखी राहिली, म्हणून तगली असावी.

मला एक खोड आहे. बंद पडलेलं मासिक हाती आलं की कथा राहू देतो, आधी ‘पुढील अंकी’ वाचतो. संपादक काय छातीठोकपणे लिहितात! आणि मग वर्गणीदार डोळ्यांपुढे येतात. वर्षाचे पैसे भरून बसलेली माणसं. उरलेल्या अंकांचे पैसे परत मिळाले का कोणाला?

मीही एका मराठी मासिकाला मनीऑर्डर केली होती. गणपतीपर्यंत अंक आले, मग पोस्टमन नुसताच घरावरून जाऊ लागला. पावती ठेवली आहे. कोण जाणे, निघालंच पुन्हा तर!