शॉक खोलण्याआधी: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आम्ही दोघा भावांनी वर्कशॉप सुरू केलं तेव्हा हा धंदा फार सोपा वाटायचा. ऑफ-रोडला जाणारी पिकअप यायची, मालक म्हणायचा गाडी दणके देते, आम्ही म्हणायचो शॉक गेले, म्हणजे चाकांची उसळी आवरणारे शॉक ॲब्झॉर्बर. जुने उतरवायचे, नवे चढवायचे, एक चक्कर मारायची, पुढची गाडी आत घ्यायची. नवे शॉक टाकल्यावर पहिले चार दिवस कुठलीही गाडी बरीच वाटते, त्यामुळे आपलं निदान अचूक होतं असा समज पक्का व्हायला वेळ लागत नाही.

तो समज एका गिऱ्हाइकाने मोडला. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळातून स्प्रिंगचं काम करणारी सळई, आणि मागे पाट्यांचे स्प्रिंग असलेली त्यांची पिकअप. आम्ही पुढचे शॉक बदलले. आठवड्याने ते परत आले. आम्ही आणखी मऊ व्हॉल्व्हिंगची, म्हणजे आतल्या तेलाला कमी अडवणारी, जोडी टाकली. पुन्हा परत आले, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, शॉक दोनदा बदलले, कंबर तीच आहे."

ते गेल्यावर धाकटा गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मग म्हणाला, "दादा, ही गाडी चढताना आपटत नाही, उतरताना आपटते." एवढं एक वाक्य आमच्या सगळ्या धंद्याला पुरलं. चाक दगडावर चढतं तेव्हा सस्पेन्शन दाबलं जातं. चाक खड्ड्यात पडतं तेव्हा ते उघडतं. दणका दोन्हीकडे बसतो, पण कारणं निराळी. मोठे टायर बसावेत म्हणून या गाडीचे टॉर्शन बारचे बोल्ट कुणीतरी पिळून पुढचा भाग उंच केला होता. आम्ही हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं: गाडी उभी असताना ५४५ मिलिमीटर, जॅकवर चाक लोंबकळत सोडल्यावर ५६५. म्हणजे चाकाला खाली जायला जागा उरली होती फक्त २० मिलिमीटर. जरा खोलगट भाग आला की चाक धरणारा वरचा आर्म त्याची हालचाल अडवणाऱ्या स्टॉपवर खाडकन आदळायचा. यात शॉक काय करणार?

बोल्ट सैल करून गाडी ३५ मिलिमीटर खाली घेतली, अलाइनमेंट नव्याने केलं, टायर एक साइज लहान घ्यायला लावले. आणि आम्ही उतरवलेली पहिली, मूळची जोडी परत बसवली, ती व्यवस्थित चालली. मधल्या दोन्ही जोड्या आम्ही मुकाट्याने परत घेतल्या. त्या महिन्यात हिशोबाच्या वहीकडे बघवत नव्हतं, पण तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या गाडीचे शॉक सगळ्यांत शेवटी खोलले जातात.

आता पहिलं काम टायरमधली हवा. हे सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही टाळाटाळ करतोय. पण जाड बाजूच्या, जड वजनाच्या टायरमध्ये बाजूवर लिहिलेला आकडा गाठेपर्यंत हवा भरणारे कितीतरी जण भेटतात. तो आकडा टायरची कमाल मर्यादा असते, रोजचा दाब नव्हे. रोजचा दाब गाडीच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो. टायर मूळचे नसतील तर आम्ही ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारतो आणि सपाट डांबरीवर गाडी थोडी सरळ चालवतो. रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त आहे, फक्त कडांना पुसली तर कमी. कच्च्या वाटेवर दाब उतरवला असेल तर वेगात डांबरीवर येण्याआधी परत भरायचा, हे आम्ही न विचारता सांगतो.

त्यानंतर पाटे आणि बुश, म्हणजे सांध्यांतल्या रबरी नळ्या. पाट्यांच्या मधे गंज आणि चिखल साठला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, आणि छोटे खड्डे थेट चासीत पोचतात. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा, चासीला टेकलेलं असेल तर पाट्याला लांब व्हायला जागाच नसते. बुशबाबत मात्र चूक आमचीच होती, आणि ती आम्ही कितीतरी गाड्यांवर केली असणार. गाडी जॅकवर असतानाच आम्ही रबरी बुशचे बोल्ट पूर्ण आवळायचो. मग गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं राहतं, स्प्रिंगसारखं उलटं ढकलतं आणि लवकर फाटतं. आता चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं पूर्ण वजन त्यावर आल्यावरच शेवटचा पाना फिरतो. या चुकीबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. जुन्या वह्या चाळताना आमचं आम्हालाच कळलं.

सगळ्यांत पटवायला अवघड प्रकार निराळाच आहे. गाडी कडक वाटते, कारण तिचे स्प्रिंग मऊ पडलेत. मालकाने पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलेली असते, वर कॅरिअर, मागे पाण्याची टाकी. गाडी खाली बसते आणि उभ्या जागीच बंप स्टॉपपासून, म्हणजे शेवटचा दणका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यापासून, बोटभर अंतरावर असते. जरा उंचवटा आला की रबरावर. मालक म्हणतो, मऊ शॉक द्या. मऊ शॉकने ती आणखी लवकर आपटेल. इथे वजनाच्या मापाचे स्प्रिंग लागतात. हे समजावायला धाकट्याने एक साधी युक्ती काढली: शॉकच्या रॉडला प्लास्टिकची केबल टाय हलकीच गुंडाळायची आणि मालकाला त्याच्या नेहमीच्या वाटेवर चक्कर मारून यायला सांगायचं. शॉक जितका दाबला गेला तितकी टाय सरकते. टाय पार शेवटाला गेली असेल तर आम्हाला काही बोलावंच लागत नाही.

याच्या उलटही घडतं. रिबाउंड, म्हणजे दाबलेला शॉक परत उघडताना होणारा विरोध, फार कडक लावलेला असेल तर नालीदार रस्त्यावर पहिले शंभर मीटर गाडी छान जाते आणि मग हळूहळू दगड होते. दर उंचवट्याला शॉक दाबला जातो, पण पुढचा उंचवटा येईपर्यंत पूर्ण उघडत नाही. असं होत होत चाक वरच अडकून बसतं. शॉकवर ॲडजस्टरची खुंटी असेल तर रिबाउंड दोन क्लिक सैल करून बघा म्हणतो. फुकटचा उपाय आहे, म्हणून आधी तोच.

सर्व्हिसिंगच्या कामात आम्ही उशिरा उतरलो. दोन नळ्यांचे, कडा दाबून बंद केलेले शॉक खोलण्यासाठी केलेलेच नसतात. ते गळले की बदलायचे, आणि हे आम्ही तोंडावर सांगतो. पण एका नळीचे, बाहेर तेलाची वेगळी टाकी असलेले शॉक खोलता येतात. त्यांच्यात तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो. गॅसच्या दाबामुळे तेलात पोकळ्या आणि फेस होत नाही. नायट्रोजन कोरडा असतो, हवेसारखा ओलावा आणत नाही.

गिऱ्हाइकांचा एक आवडता गैरसमज म्हणजे गॅस जास्त भरला की शॉक कडक होतो. हिशोब करून बघा: २०० पीएसआय दाब २२ मिलिमीटरच्या रॉडवर जेमतेम ५३ किलोचा जोर देतो, १५० ला ४० किलोचा. दोन टनांच्या गाडीला तेरा किलोचा फरक कितीसा जाणवणार? कडकपणा ठरतो पिस्टनवरच्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिम्सनी. तिथे मात्र केसाएवढा फरकही भारी पडतो, कारण कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. ०.१५ मिलिमीटरच्या जागी ०.२० ची चकती बसली तर ती जवळजवळ २.४ पट कडक. एकदा आमच्या मुलाने दोन डब्यांतल्या चकत्या एकत्र केल्या होत्या. तेव्हापासून शिम उतरल्या क्रमाने एका तारेत ओवल्या जातात आणि प्रत्येक मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहिली जाते.

गॅसने एकदा आम्हाला घाबरवलंही. व्हॉल्व्ह दाबल्यावर फुस्स आवाज थांबला, म्हणून गॅस संपला असं धरून मी टाकीची टोपी दाबून लॉकरिंग काढली. व्हॉल्व्हमध्ये चिखल अडकलेला होता. टोपी माझ्या कानाजवळून गेली आणि शटरवर आदळली. कुणाला लागलं नाही, शटरवरचा पोचा अजून आहे. आता व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतली सुई, पूर्ण काढल्याशिवाय लॉकरिंगला हात लावायचा नाही, आणि टोपीच्या समोर कुणी उभं राहायचं नाही.

भरणीचं काम मला अजूनही स्वतः करायला आवडतं. सील, रॉडवरची धूळ पुसणारा वायपर आणि बुश नवे; रॉडवरून नख फिरवायचं, कुठे अडलं तर रॉडही नवा, कारण दगडाने पडलेला छोटा खड्डा नवं सील थोड्याच दिवसांत कापतो. मग तेल भरून पिस्टन लांब आणि सावकाश खाली-वर करायचा. जोरात हलवलं की तेलाला दुधासारखा फेस येतो आणि पुन्हा तासभर थांबावं लागतं. बुडबुडे वर यायचे थांबले की तरंगता पिस्टन कंपनीने दिलेल्या खोलीवर बसवायचा. इथे घाई केल्याची एक आठवण आहे. एका शॉकमध्ये आम्ही तो पुरेसा आत बसवला नाही, टोपीच्या फार जवळ ठेवला. रॉड आत शिरताना बाजूला सारलेल्या तेलाला जागाच उरली नाही आणि शॉक निम्म्या वाटेत दगडासारखा अडला. गाडी दणके देते म्हणून आलेल्या माणसाला आम्ही आणखी दणके देणारी गाडी दिली होती.

किती दिवसांनी सर्व्हिसिंग, हे सगळेच विचारतात. किलोमीटरचा एक आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. शर्यतीची गाडी आणि महिन्यातून एकदा डोंगरात जाणारी गाडी यांचं तेल सारखं तापत नाही. रॉडवर तेलाचा पातळ ओलावा चालतो. थेंब खाली पडायला लागले की या. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, प्रेशरचा फवारा सीलवर मारू नका. रॉडवरची रबरी टोपणं मला तरी आवडत नाहीत, आत चिखल साठतो आणि बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. लांब खडबडीत वाटेनंतर आम्ही चारही शॉकवर तापमानाची गन धरतो. तीन गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला काम करत नाहीये.

आज रॅम्पवर एक ट्रक आहे. मालकाने फोनवरच सांगितलं होतं, चारही शॉक काढा. हवा बरोबर निघाली, पाटे मोकळे आहेत, चारही रॉडवरच्या टाय निम्म्यावरच थांबल्यात, तापमान सारखं. तरीही प्रत्येक खड्ड्याला केबिनमध्ये खट्ट आवाज येतो. धाकट्याने मघाशी केबिनखाली टॉमी लावून बघितली, केबिन चासीवर जिथे टेकते त्या मागच्या डाव्या माउंटचं रबर पार दबलेलं दिसतंय. उद्या सकाळी केबिन उचलून बघू. शॉकच्या बोल्टला अजून पाना लागलेला नाही.