आमची वाटचाल: आधी बोर्ड उठला पाहिजे

फोंड्यात घराच्या पडवीत आम्ही दोघांनी धंदा मांडला, तेव्हा स्वतःचा सर्किट बोर्ड काढायचं मनातही नव्हतं. बर्फाचे कारखाने आणि मासळीची शीतगृहं यांना तापमान नोंदवणारी पेटी हवी होती. तयार बोर्ड आणायचा, आपला प्रोग्राम चढवायचा, पेटी भिंतीला ठोकायची. पण पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कशी जाते-येते ते काय सांगायचं! दर पावसाळ्यात मेमरी कार्डं मरायची. शेवटी एएम३३५एक्स प्रोसेसर घेऊन, कार्डाऐवजी ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच जोडलेली मेमरी चिप, बसवून आमचाच बोर्ड केला.

पहिला बोर्ड आला. सिरियल केबल लावली, ११५२०० वर टर्मिनल उघडलं, तर पडद्यावर नुसतं सी सी सी सी. बूट करण्याजोगं काहीच सापडलं नाही की या प्रोसेसरची रॉम, म्हणजे आत कायमचा कोरलेला प्रोग्राम, सिरियलवरून फाईल मागत बसते, तो हा सी. भागीदार म्हणाला, "जिवंत आहे रे!"

रॉम फार थोडं करते. लिनक्सला उठवणारा प्रोग्राम म्हणजे यू-बूट; त्याचा छोटा तुकडा, एसपीएल, तेवढा चिपच्या आतल्या मेमरीत उचलते. एसपीएलला जागा जेमतेम १०९ केबी. बाहेरची रॅम एसपीएलने चालू करायची, मग पूर्ण यू-बूट, मग लिनक्स. चिपवाल्यांनी दिलेल्या जुन्या यू-बूटमध्ये आकडे खरडून आम्ही ते चालवलं आणि हात लावायचा नाही असं ठरवलं.

२०२१ मध्ये चिपांचा दुष्काळ पडला. नेहमीची रॅम मिळेना, म्हणून दुसरी बसवली. एसपीएलची एक ओळ उमटायची आणि पुढे सामसूम. रॅमच्या टायमिंगचे आकडे आम्ही कुठून उचलले होते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते शोधण्यात गणेश चवथ आली. त्या वर्षी गणपतीवरची फळापानांची माटोळी माझ्याशिवाय बांधली गेली, त्याचा टोमणा अजून ऐकतो.

मग ठरवलं, आमच्या बोर्डचा कोड सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या मूळ यू-बूटमध्येच घालायचा. आमचा एकच लठ्ठ पॅच, म्हणजे बदलांचा गठ्ठा, तिथल्या तपासणाऱ्यांकडून परत आला: डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय कुठे जोडलंय त्याचं वर्णन) वेगळा द्या, बोर्डचा कोड वेगळा, डेफकॉन्फिग (निवडलेल्या सोयींची यादी) वेगळी. एकाने विचारलं, इथे दहा मिलिसेकंद थांबता ते कशाला? आम्हाला सांगता येईना. ओळ काढली, काही बिघडलं नाही.

आता यू-बूटची देखभाल करणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव आहे, आणि खरं काम तिथून सुरू झालं. आवृत्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा येतात. जुलैची सोपी जाते. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत, गिऱ्हाइकांचे फोन कमी. ऑक्टोबरला मात्र हंगाम भरात. एकदा नव्या आवृत्तीत एसपीएल १०९ केबीत मावेना, तेव्हा न लागणाऱ्या सोयी एकेक छाटल्या. यू-बूटच्या नव्या ड्रायव्हर मॉडेलकडे (हार्डवेअर हाताळायच्या नव्या पद्धतीकडे) न वळलेले, वाली नसलेले बोर्ड तिथून काढून टाकतात, म्हणून झोपून चालत नाही. या कामाचं बिल कुणाला लावायचं, हे अजून सुचलेलं नाही.

यू-बूटच्या सेटिंगच्या दोन प्रती ठेवतो. लिहिताना लाईट गेली तर चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, चुकतो आणि दुसरी प्रत कामी येते. हे तपासायला पडवीत चार बोर्ड टांगलेत, रिले रात्रभर टिकटिकत त्यांची वीज तोडतो-जोडतो. आई अजून मधूनच विचारते, "पाल चुकचुकली काय रे?"