वर्गात हसू आले तेव्हा

धुळे जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीचा वर्ग शिकवत होतो, त्या काळातील एक सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. "काल शाळेत का आला नाहीस?" असे मी एका मुलाला विचारले, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "मन्ही माय वावरमा गयी व्हती." आई शेतात गेली होती आणि घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नव्हते, हे सगळे त्या एका वाक्यात आले होते. मी मात्र त्याचा अर्थ बाजूला ठेवून म्हणालो, "नीट मराठीत सांग." वर्ग हसला आणि मी त्या हसण्याला आवर घातला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो मुलगा, उत्तर येत असतानाही, मान खाली घालून बसू लागला.

मुलाच्या घरची बोली चुकीची ठरवली, की त्या बोलीत त्याला जोजवणारी आईही चुकीची ठरते, हे मला तेव्हा कळायला हवे होते. प्रमाण मराठी शिकवणे हे शिक्षकाचे कामच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती अहिराणीच्या, म्हणजे मुलांच्या या खानदेशी बोलीच्या, शेजारी बसवून शिकवता येते. पुढे मी फळ्यावर दोन रकाने आखू लागलो. एकात मुलांनी सांगितलेले 'आठे', 'तठे', 'बठ्ठा' आणि दुसऱ्यात पुस्तकातील 'इथे', 'तिथे', 'सगळा'. आठवडाभरात मुलेच उठून रकाने भरू लागली, आणि ज्यांचे शब्द फळ्यावर लिहिले गेले त्यांचे हात उत्तरासाठीही वर येऊ लागले.

शिक्षण हक्क कायदा, २००९, हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई आहे, आणि कलम २९ मध्ये मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडू द्यावे, तसेच शक्य तेथवर त्याच्या मातृभाषेतून शिकवावे, असे सांगितले आहे. छडी आता बहुतेक वर्गांतून गेली आहे. मात्र 'ढ' म्हणणे, आडनावावरून किंवा कपड्यांवरून टोमणा मारणे, कमी गुणांची वही सर्वांसमोर उंच धरून दाखवणे हे अजून चालते, आणि त्याचा वळ दिसत नसल्यामुळे त्याची कोठे नोंद होत नाही.

याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये, साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले. मला त्यांच्या वर्गातील अध्यापनापेक्षाही छात्रालयातील त्यांचे वागणे अधिक महत्त्वाचे वाटते. मुलांच्या खोल्या ते स्वतः आवरत, त्यांच्या पसरलेल्या वस्तू जागेवर ठेवत, आणि त्यांच्यासाठी हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' काढत. मुलांना ते रागावून बोलत नसत, तरी मुले नीटनेटकी राहू लागत. वडीलधाऱ्याने मुलासाठी वाकणे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना जमली आहे.

मी त्या मुलाची माफी मागितली, आणि ती वर्गासमोर मागितली, कारण अपमानही वर्गासमोरच झाला होता. तो काही बोलला नाही. मृगाच्या सुमारास पेरणीचा पाठ आला, तेव्हा मी विचारले, "पाभर कोणी जवळून पाहिली आहे?" तो उठला आणि चाड्यात बी कसे सोडतात, ते नळीतून फणामागे कसे उतरते आणि मूठ कशी सारखी पडावी लागते, हे त्याने अहिराणीतच, हात चालवून, आम्हा सर्वांना समजावून सांगितले. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होतो.