सॅन फ्रान्सिस्कोत विणलेला गोफ

"मावशी, टिप म्हणजे पैसे नाही गं," असं म्हणत भाच्याने माझी पर्स बंद केली, तेव्हाच मी ओळखलं की आज आपलं काही खरं नाही. स्क्वेअर डान्स या अमेरिकन लोकनृत्यात टिप म्हणजे नाचाचा एक डाव. दोन टिपांच्या मध्ये पाणी प्यायचं, घाम पुसायचा, गप्पा हाणायच्या. आणि कॉलर म्हणजे माईकवरून पुढची चाल पुकारणारा माणूस. माझ्या डोक्यात तोवर शर्टाची कॉलर होती.

डोंबिवलीच्या जूनमधून मी सॅन फ्रान्सिस्कोच्या जूनमध्ये आले होते. इथे उन्हाळा म्हणतात आणि स्वेटर घालतात. मार्केट स्ट्रीटवरून एफ लाइनची जुनी ट्राम धरली, कॅस्ट्रो या गे लोकांच्या नावाजलेल्या वस्तीत उतरलो. हार्वे मिल्क प्लाझावरचा प्रचंड इंद्रधनुषी झेंडा धुक्यात फडफडत होता. तिथून चालत एका चर्चच्या हॉलवर. भाचा आणि त्याचा नवरा दर आठवड्याला इथे नाचतात. ताई अजून त्यांच्या घरी आलेली नाही. मी आले, म्हणून सगळं मलाच दाखवायची दोघांना घाई.

स्क्वेअर डान्स म्हटल्यावर फुगीर घेरांचे झगे आणि काउबॉय टोप्या असतील असं वाटलं होतं. इथे बहुतेक जण जीन्स-टीशर्टवर. झगा एकच, तोही एका दाढीवाल्या काकांच्या अंगात, आणि त्यांना तो शोभत होता. मी सलवार-कमीज आणि चालायचे बूट.

रचना सोपी आहे. चौकोनाच्या प्रत्येक बाजूला एक जोडी, म्हणजे चार जोड्या, आठ माणसं. कॉलरकडे पाठ करून उभी असते ती एक नंबरची जोडी, तिच्या उजवीकडची दोन नंबरची, असं मोजत जायचं. एक आणि तीन म्हणजे हेड्स, दोन आणि चार साइड्स. आपल्या जोडीतला तो पार्टनर, दुसऱ्या अंगाचा शेजारी तो कॉर्नर. जुन्या रीतीत जोडीत पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे. इथे ते ज्याचं त्याने ठरवायचं. जोडीदार घरून आणायचीही गरज नाही. दारातच एकाने विचारलं, "डावी की उजवी?" पंगतीत "वरण की आमटी?" विचारावं इतक्या सहज. मी उजवी म्हटलं. माझी पार्टनर साधारण माझ्याच वयाची, रुपेरी केसांची बाई होती. हात गार, पकड घट्ट.

आमच्या मंगळागौरीत बायका बायकांचे हात धरून रात्र जागवतात. फुगडीत नवरा कोण आणि बायको कोण, असं कधी कोणी विचारलंय? त्यामुळे दोन पुरुष हातात हात घालून गिरकी घेताना पाहून मला जे नवल वाटायला हवं होतं, ते वाटलंच नाही. मी गडबडले ती भलत्याच गोष्टीने. मंगळागौरीचे खेळ पाठ असतात, पिंग्यानंतर काय ते पायांना माहीत असतं. इथे कॉलर चाली आयत्या वेळी एकापुढे एक जोडत जातो. पाठ करून काही उपयोग नाही, कान उघडे ठेवायचे. टिपेचा पहिला अर्धा भाग असाच. दुसऱ्या अर्ध्यात तो गाणं गातो आणि गाता गाताच हुकूम देतो. त्यात कडव्यागणिक जोडीदार बदलत जातो आणि शेवटी ज्याचा तो आपल्या मूळ जोडीदारापाशी परत येतो.

"ॲलमंड लेफ्ट" म्हणजे कॉर्नरचा डावा हात धरून फिरायचं. मग "राइट अँड लेफ्ट ग्रँड": समोरच्याला उजवा हात द्यायचा, त्याला ओलांडून पुढच्याला डावा, पुन्हा उजवा. चार एका दिशेने, चार उलट. अगंबाई, हा तर गोफ! दोऱ्या तेवढ्या नाहीत. आनंदाच्या भरात मी सलग दोनदा उजवा हात दिला आणि गाठ बसली. आठही जण थांबले. कोणी डोळे वटारले नाहीत. पाठीवर एक बोट हलकेच टेकलं आणि मला वळवलं. नवशिक्यांना सांभाळणाऱ्या अनुभवी लोकांना इथे एंजल म्हणतात, त्यांतलाच तो एक. चौकोन मोडला की समोरासमोर दोन ओळी करून कॉलर पुन्हा सामावून घेईपर्यंत वाट पाहायची, असा रिवाज आहे. आमच्या मंगळागौरीच्या स्पर्धेत याचे दोन मार्क गेले असते, आणि परतीच्या रिक्षात माझं नाव निघालं असतं.

मधल्या वेळात भाच्याच्या नवऱ्याने इतिहास सांगितला. तो मला "माउशी" म्हणतो. 1982 साली अमेरिकेने कायदा करून स्क्वेअर डान्सला दोन वर्षांपुरतं राष्ट्रीय लोकनृत्य ठरवलं. पुढच्याच वर्षी, 1983 मध्ये, गे स्क्वेअर डान्स क्लबांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. 1984 मध्ये सिॲटलला पहिलं अधिवेशन भरलं. तेव्हा एड्सने माणसं जाऊ लागली होती. गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणाचे फलक अधिवेशनात मांडतात, हे सांगताना त्याचा आवाज खाली आला. मग लगेच सावरून म्हणाला, तिथेच नटूनथटून "हाँकी टाँक क्वीन" निवडण्याची स्पर्धाही असते. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रातल्या बाईला यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?

शिकायला मात्र वेळ लागतो. मेनस्ट्रीम या पायरीपर्यंतच सत्तरेक चाली, वर प्लसच्या आणखी तीसेक, पुढे ॲडव्हान्स्ड आणि चॅलेंज. चाली जपानातही इंग्रजीतूनच पुकारतात, जर्मनीतही. म्हणजे एकदा शिकलं की कुठल्याही गावच्या चौकोनात शिरता येतं.

निघताना त्या रुपेरी केसांच्या बाईने "यलो रॉक" म्हणत हात पसरले. मी गोंधळून पर्स चाचपली. ती मिठी होती.

ट्राममधून ताईला व्हिडिओ पाठवला. बराच वेळ निळ्या खुणा तशाच. मग उत्तर आलं: "गुडघा सांभाळ. त्याच्यासोबत निळ्या शर्टातला कोण, तोच का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डायनिंग टेबलावर चौकोन मांडून बसले. घरात वाट्या पाचच निघाल्या, म्हणून तीन कॉफीचे मग घेतले. पोह्यांचं पातेलं मधे कॉलर. "हेड्स, पास थ्रू," मी पुकारलं, आणि भाच्याच्या नवऱ्याने शेवेची वाटी चुकीच्या बाजूने नेली.