आज्जींच्या डब्यातल्या अळ्या

"अक्का, तुमचा डबा आधी घेऊन जावा. अळ्या भिंतीवर चढल्यात!"

जुलै महिना, सकाळचे आठ. फोनवर बेळगावच्या वडगावातल्या विणकर गल्लीतल्या वैनी होत्या. घरोघरी ओल्या कचऱ्याचं खत करायला शिकवणं हे माझं काम. त्या गल्लीत एप्रिलमध्ये आम्ही 22 डबे दिले होते. छत्री घेतली आणि निघाले.

दारात सात-आठ बायका जमलेल्या. शेजारच्या कन्नड काकू नाकाला पदर लावून "हुळा, हुळा" (किडे, किडे) म्हणत लांब उभ्या होत्या. घरातल्या आज्जी मात्र गप्प. डबा त्यांचाच. रोजचं भाजीचं देठ, चहाचा चोथा त्याच टाकायच्या. आता सून सगळ्यांदेखत बोलत होती आणि त्या खाली मान घालून बसल्या होत्या. ते बघून मला फार वाईट वाटलं.

झाकण काढलं. कुजक्या अंड्यासारखा वास आला. वरचा थर काळा, लिबलिबीत. त्यात करड्या-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळत होत्या. त्या बघून मला खरं तर हायसं वाटलं. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ती माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही, आणि अळ्या ओला कचरा झपाट्यानं फस्त करतात. वाढ पूर्ण झाली की कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, म्हणून भिंतीवर. चार अळ्या तळहातावर घेऊन मी आज्जींना दाखवल्या. "ह्या आपल्या कामाच्या आहेत आज्जी. चूक दुसरीच झालीय."

मूठभर कचरा घेऊन पिळला. बोटांतून धार लागली. बरोबर ओल असेल तर जेमतेम एक-दोन थेंब पडतात. पाणी साचलं की हवा कोंडते, हवा कोंडली की कचरा खत व्हायच्या ऐवजी सडतो. वेंगुर्ला रोडला तुरमुरीच्या कचरा डेपोवर गाडीतून ओतलेल्या ओल्या कचऱ्याचं हेच होतं. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि तिथून मिथेन निघतो. कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरून ठेवणारा हा वायू. चार माणसांच्या घरातून रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो. तो दारातच जिरावा म्हणून तर आम्ही हिंडतो.

मग खुरपं घालून ढवळायला लागले, तर खुरप्याला दोऱ्यांची गुंतवळ आली. लाल, मोरपंखी, मधूनच चमकणारी जर. मी ओढत गेले, ती संपेना.

आज्जी पहिल्यांदा बोलल्या. "तुम्हीच सांगिटला न्हवं, ओल्यावर सुकं घाला म्हणून? पाला कुठनं आणू ह्या पावसात? मागाखालचं झाडून घातलं."

मी तशीच बसून राहिले. आज्जींनी माझा शब्द पाळला होता. एप्रिलमध्ये गल्लीभर पाला पडलेला असतो, तेव्हा "वरून वाळका पाला टाका" म्हणून मी मोकळी झाले होते. बेळगावात जून लागला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा या म्हातारीनं काय टाकायचं, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. ते माझं काम होतं. पॉलिस्टरचा दोरा आणि जर काही कुजत नाही. उलट त्याची जाळी होऊन पाणी आणखी अडकलं होतं. सगळ्यांसमोर मी आज्जींना म्हटलं, "चूक माझी. तुमची न्हवे." वैनी काही बोलल्या नाहीत, पण आत जाऊन त्यांनी मला बसायला पाट आणला.

खासबागेतल्या एका सुताराकडून साध्या लाकडाचा भुसा पोतंभर आणला. प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात, हे त्यालाही समजावलं. मग आज्जी आणि मी मिळून दोरे वेचले; त्यांची बोटं माझ्यापेक्षा चपळ, जन्म मागावर गेलेला. डब्याच्या तळाची बुजलेली भोकं खिळ्यानं मोकळी केली, खाली दोन विटा दिल्या. ओल्या कचऱ्यात जवळजवळ तेवढाच भुसा कालवला, वाटीभर आंबट ताक शिंपडलं, वर दोन बोटं भुश्याचा थर दिला. एक वाटी ओलं, एक वाटी भुसा, आठवड्यातनं दोनदा हलवायचं. आज्जींनी वाटी आतून स्वतः निवडून आणली. तासाभरात वास निम्म्यावर आला.

बायका पांगल्या. कन्नड काकू मात्र तिथंच होत्या. हळूच म्हणाल्या, "आमचा डबा गच्चीवर पालथा घातलाय. मे महिन्यातच बंद केला. सांगायला लाज वाटली."

मी उरलेलं पोतं उचललं आणि त्यांच्या पायऱ्या चढायला लागले. मागोमाग आज्जीही खुरपं घेऊन निघाल्या.